रील की पूर्ण व्हिडिओ? विषयाकडे बघून ठरवायची रीत

नवीन चॅनेल काढणारा कोल्हापूरकर पहिल्यांदा कॅमेऱ्याचं विचारतो आणि मग लगेच, "शॉर्ट्स टाकू का मोठे व्हिडिओ?" (शॉर्ट म्हणजे यूट्यूबवरचा छोटा उभा व्हिडिओ, रील म्हणजे इन्स्टाग्रामवरचा.) कॅमेऱ्याचं उत्तर सोपं आहे, खिशातला फोन चालतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, लोकांना आता दम उरलेला नाही, तीस सेकंदांच्या पुढं कोण बघत नाही. दुसरा म्हणतो, पैसा मोठ्या व्हिडिओतच, रील म्हणजे नुसता धुरळा. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण तुम्ही कशाचा व्हिडिओ करणार, हे दोघांपैकी एकानंही विचारलेलं नसतं.

लांबी आधी ठरवायची नाही. विषय काय, बघणारा कुठल्या अवस्थेत बघतोय, तुम्ही कशासाठी करताय आणि आठवड्यातले किती तास तुमच्या हातात आहेत, एवढं कळलं की लांबी आपोआप ठरते. त्याच क्रमानं जाऊ.

पहिली पायरी: विषय मोठ्यानं बोलून बघा

कट्ट्यावर मित्राला तुमचा व्हिडिओ सांगा. वाक्य "हे बघ" नं सुरू झालं तर तो शॉर्टचा विषय. "हे कसं होतं सांगतो" किंवा "असं का होतं माहितीय का" नं सुरू झालं तर लांब व्हिडिओचा. चाचणी बाळबोध वाटेल, पण ती लावली की लक्षात येतं की एकाच विषयाच्या पोटात दोन्ही व्हिडिओ दडलेले असतात.

किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. आज किरणं चरणांपर्यंत आली की चेहऱ्यापर्यंत, हे "बघ" आहे. वीस सेकंदांत संपतं आणि त्याच संध्याकाळी टाकलं तरच त्याला किंमत. पण एखाद्या वर्षी किरणं मधेच का अडतात, ढग आणि धुरकं किती आड येतं, वाटेतल्या बांधकामांचा संबंध काय, हे "का" आहे. ते शॉर्टमध्ये कोंबलं की लोक कमेंटमध्ये भांडतात, कारण अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

फुटबॉलचंही तेच. शाहू स्टेडियमवरचा गोल शॉर्ट, पेठापेठांतली ईर्षा कुठून आली हे लांब.

पुराच्या दिवसांत तर हा फरक फार टोकदार होतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीचा माणूस फोन उघडतो तेव्हा त्याला एकच गोष्ट हवी असते, आत्ता किती फूट. तिथं "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर स्वागत आहे" म्हणणाऱ्याला लोक मनातल्या मनात काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. पण अशा शॉर्टवर तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरांत, थेट चित्रावरच लिहा. वर्णनात लिहिलेली तारीख कोणी वाचत नाही, आणि शॉर्ट शिळा झाला तरी फीडमध्ये फिरत राहतो. जुना पूर नवा म्हणून पसरला की घाबरतात ती आपलीच माणसं. याउलट राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कसे उघडतात आणि त्या पाण्याचा शहरातल्या पातळीवर काय परिणाम होतो, हे नीट समजावणारा बारा मिनिटांचा व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं शोधला जातो. वर्षभर निपचित पडलेला आणि पाऊस लागला की उठणारा असा एखादा व्हिडिओ चॅनेलवर असणं मला शंभर व्हायरल रीलपेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरी पायरी: बघणाऱ्याचा फोन कुठं आहे?

केएमटीच्या सिटी बसमध्ये उभं राहून अंगठ्यानं फीड सरकवणारा तुम्हाला शोधत आलेला नाही. तुम्ही त्याच्या वाटेत आला आहात. त्याला थांबवायची जबाबदारी तुमची, आणि त्यासाठी मिळतात एक-दोन सेकंद.

रविवारी सकाळी मटण आणून, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा असलेला माणूस वेगळा. त्यानं "पांढरा रस्सा" असं स्वतः टाइप केलेलं आहे, हात ओले आहेत आणि तो सहजासहजी दुसरा व्हिडिओ लावणार नाही. त्याला घाई नको आहे. अळणी रस्सा वेगळा कधी काढायचा, खसखस-तीळ-काजूचं वाटण किती बारीक हवं, नारळाचं दूध कधी घालायचं, हे सगळं क्रमानं हवं. त्याच्यासाठी वर्णनात वेळेचे टप्पे लिहा. पहिला टप्पा ०:०० पासून, किमान तीन टप्पे, आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. एवढं पाळलं की यूट्यूब त्याची आपोआप प्रकरणं (चॅप्टर) करतं. शीर्षक मराठीत ठेवा, पण आपल्याकडचे बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, तेव्हा वर्णनात तेही रूप असू द्या.

याच रेसिपीतला शॉर्ट कुठला? "नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आली की पांढरा रस्सा फाटतो." फाटलेला आणि न फाटलेला, दोन वाट्या शेजारी. बास. अख्खी रेसिपी साठ सेकंदांत पळवण्यापेक्षा एका शंकेचं उत्तर दिलेलं केव्हाही बरं. पळवलेल्या रेसिपीवरून आजवर कुणी रस्सा केला असेल असं मला वाटत नाही.

तिसरी पायरी: कशासाठी करताय, हे स्वतःशी कबूल करा

इथं आकडेमोड करावी लागते, आणि बहुतेक लोक ती टाळतात.

यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा असेल तर १००० सबस्क्रायबर लागतात आणि त्याबरोबर दोनपैकी एक गोष्ट: गेल्या १२ महिन्यांत ४००० तासांचा पाहण्याचा वेळ, किंवा गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरला जात नाही. सबस्क्रायबर मात्र कुठूनही आलेले चालतात.

आता भागाकार करा. ९० दिवसांत १ कोटी म्हणजे रोज साधारण १ लाख ११ हजार व्ह्यूज, तेही सलग तीन महिने. दुसऱ्या बाजूला ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. दहा मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं बघत असतील तर वर्षभरात ६० हजार व्ह्यूज लागतात, म्हणजे सगळ्या व्हिडिओंचे मिळून दिवसाला १६५ च्या आसपास. मराठीत एखादा विषय धरून नीट काम करणाऱ्याला हा दुसरा आकडा डोळ्यांसमोर ठेवता येतो. पहिला नशिबाचा भाग आहे.

अलीकडे एक खालची पायरीही आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ, आणि ३००० तास किंवा ३० लाख शॉर्ट्स व्ह्यूज. तिथं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व, सुपर थँक्स (प्रेक्षकानं खूश होऊन दिलेले पैसे) वगैरे सुरू करता येतं, जाहिरातींचा वाटा नाही.

वाट्यातही फरक आहे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्समध्ये जाहिरात दोन व्हिडिओंच्या मध्ये लागते, म्हणून तो पैसा आधी एकत्र होतो, गाणं वापरलं असेल तर त्याचा हिस्सा बाजूला निघतो, उरलेल्याची व्ह्यूजप्रमाणे वाटणी होते आणि तुमच्या वाटणीचे ४५ टक्के तुमच्या हातात येतात. फेब्रुवारी २०२३ पासून हीच पद्धत आहे.

पण तुमचं दुकान असेल तर ही सगळी आकडेमोड बाजूला ठेवा. चप्पल विकणाऱ्याला किंवा मिसळीचं हॉटेल असणाऱ्याला यूट्यूबचे पैसे नको आहेत, गिऱ्हाईक हवं आहे. त्याला इन्स्टाग्रामची रील, त्यावर ठिकाण आणि फोन नंबर, एवढं बऱ्याचदा पुरतं. फक्त एक ध्यानात घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचं गिऱ्हाईक "खरी कशी ओळखायची" हे विचारू लागलं आहे. कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, शिवण चामड्याच्या वादीची, हे सांगायला रील अपुरी पडते. दुकानदारानं असा एकच लांब व्हिडिओ मनापासून करावा आणि चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला त्याची लिंक पाठवावी. वर्षभर तेवढाच एक असला तरी चालतो.

जेवण फुकट मिळालं म्हणून रील करणाऱ्यांसाठी जाता जाता: जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकटची वस्तू किंवा सेवा हाही मोबदलाच. तसं स्पष्ट लिहावं लागतं, रील असो वा लांब व्हिडिओ. मिसळ फुकट आणि मत निःपक्ष, असं दोन्ही म्हणता येत नाही.

चौथी पायरी: यंत्रणेचे नियम

थोडक्यात सांगतो, कारण हे वाचायला कंटाळवाणं आणि न वाचल्यास महागडं आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबवर टाकलेला तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट धरला जातो. तुमची अडीच मिनिटांची रेसिपी साधा व्हिडिओ म्हणून राहावी असं वाटत असेल तर फोन आडवा धरा. एक मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टमध्ये कुणी कॉपीराइटचा हक्क सांगितलेलं गाणं निघालं तर व्हिडिओ सगळीकडे अडवला जातो, म्हणून लांब शॉर्टला सिनेमाचं गाणं लावू नका. इन्स्टाग्रामच्या रीलची मर्यादाही जानेवारी २०२५ मध्ये तीन मिनिटांवर गेली. मधल्या जाहिराती किमान आठ मिनिटांच्या व्हिडिओलाच लागतात. त्या आठ मिनिटांसाठी सहा मिनिटांचा विषय ताणला की लोकांना ते लगेच जाणवतं. पंधरा मिनिटांपुढचा व्हिडिओ चढवायचा असेल तर आधी फोन नंबरची पडताळणी करून घ्या.

पाचवी पायरी: एकाच दिवशी दोन्हीचं शूटिंग

"लांब व्हिडिओ करा आणि त्यातूनच शॉर्ट्स कापा," हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो अर्धाच पटतो. आडव्या चित्रातून उभा तुकडा कापला की दोन्ही बाजू जातात आणि जे उरतं ते धुरकट, मोठं केलेलं. चपलेची वेणी, काहिलीतला (गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईतला) फेस, आखाड्यात टाकलेला डाव, यांतला जीव तिथंच जातो. म्हणून मोजके क्षण वेगळे, उभ्या फोननं टिपायचे.

गुऱ्हाळाचं उदाहरण पूर्ण बघू, कारण ते आपल्याकडं दिवाळीनंतर हाताशी असतं आणि त्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात.

आदल्या दिवशी जा, फोन खिशातच ठेवा. मालकाची परवानगी घ्या आणि गुळव्याशी, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराशी, ओळख करा. एक काहील, म्हणजे एक खेप, निघायला दोन-तीन तास जातात; ती पूर्ण एकदा नुसती बघा. रस काहिलीत पडतो, खालच्या चुलवाणात (भट्टीत) चिपाड (उसाचा वाळलेला चोथा) सारतात, उकळी येते, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते आणि ती काढून टाकतात, मग रस आटत जाऊन पाक होतो, काहील उतरते, पाक वाफ्यात (निववायच्या पसरट हौदात) ओततात, आणि शेवटी साच्यात रवे (गुळाच्या ढेपा) भरतात. यातल्या कुठल्या क्षणी मान आपोआप वळली, ते लिहून ठेवा. तेच तुमचे शॉर्ट्स. माझ्या मते ते चार आहेत: मळी वर येणं, गुळव्यानं पाक पाण्यात टाकून बोटांनी बघणं, काहील वाफ्यात रिकामी होणं आणि साच्यातून रवा सुटणं.

शूटिंगच्या दिवशी एक फोन तिवईवर, आडवा, काहिलीपासून दूर. जवळ ठेवला तर वाफेनं काच धुरकटते आणि फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं. शेडमध्ये अंधार आणि चुलवाणात जाळ, त्यामुळं उजेडाची पातळी स्क्रीनवर बोट दाबून एका जागी बांधून घ्या, नाहीतर जाळ भडकला की चित्र कधी काळं, कधी पांढरंफट होत बसतं. दुसरा फोन हातात, उभा, फक्त त्या चार क्षणांसाठी. दुसरा फोन नसेल तर पहिल्या काहिलीला आडवं शूटिंग करा आणि दुसरीला उभं. गुऱ्हाळाची ही मोठी सोय आहे, तोच प्रसंग त्याच दिवशी पुन्हा घडतो. कुस्तीत ही सोय नाही, म्हणून मैदानात एकट्यानं जाऊ नका.

पाक जवळ आला की गुळव्याला काहीही विचारू नका. त्याची नजर काहिलीवरून हलली आणि उतरवायला उशीर झाला तर नुकसान मालकाचं. मुलाखत दोन काहिलींच्या मधल्या वेळात घ्या, शेडबाहेर, चरकाच्या आवाजापासून लांब, कॉलरला लावायच्या साध्या माइकवर. आणि "गूळ कसा करतात?" असं विचारू नका, पाठ केल्यासारखं उत्तर मिळतं. त्यापेक्षा नुकतंच शूट केलेलं त्यालाच फोनवर दाखवा. "हितं बघा, फेस बदललाय," असं तो स्वतःहून बोलायला लागतो. तो आवाज तुमच्या लांब व्हिडिओचा कणा.

सहावी पायरी: कापताना

लांब व्हिडिओ उसाच्या फडापासून सुरू करायचा मोह होतो. आवरा. पाक पाण्यात टाकून बघण्याच्या क्षणापासून सुरू करा, गुळव्याच्या चेहऱ्यावर थांबा आणि मग मागं चरकाकडं या. बघणाऱ्याला आता पाकाचं काय झालं हे कळायला हवं आहे, तोवर तो मळीही बघेल आणि चिपाडही. गुऱ्हाळाचा हा व्हिडिओ दहा-बारा मिनिटांत बसतो. पंचवीस मिनिटांचा करायचा तर रसायन घातलेला आणि न घातलेला गूळ कसा ओळखायचा, भाव कसा ठरतो, मार्केट यार्डातला सौदा, असे आणखी प्रश्न हातात हवेत. नुसती चित्रं लांबवून भागत नाही.

शॉर्टमध्ये ओळख नको, नाव नको. पहिलंच चित्र ओतल्या जाणाऱ्या पाकाचं. मूळ आवाज ठेवा, खदखद आणि माणसांची हाक यापेक्षा चांगलं संगीत तिथं मिळणार नाही. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून एक मराठी ओळ चित्रावर हवी, पण खालच्या भागात आणि उजव्या कडेला लिहू नका, तिथं ॲपची बटणं येतात.

चारही शॉर्ट्स एकाच दिवशी टाकू नका. आधी लांब व्हिडिओ, मग एकेक शॉर्ट दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, आणि प्रत्येकाला "संबंधित व्हिडिओ" म्हणून तो लांब व्हिडिओ जोडा. शॉर्टच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकवर टिचकी मारून जाता येत नाही, त्यामुळं पूर्ण व्हिडिओकडं न्यायचा तोच सोपा रस्ता.

सातवी पायरी: आकडे वेगवेगळ्या वहीत

शॉर्टच्या व्ह्यूजची लांब व्हिडिओच्या व्ह्यूजशी तुलना करू नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो. शॉर्टसाठी यूट्यूब स्टुडिओत (चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या ॲपमध्ये) एकच गोष्ट आधी बघा: किती टक्के लोक थांबले आणि किती जणांनी पुढं सरकवलं. लांब व्हिडिओसाठी लोक किती वेळ टिकले त्या आलेखात पहिल्या तीस सेकंदांनंतर किती टक्के उरले ते बघा आणि मग आलेख जिथं एकदम खाली घसरतो तिथं तुम्ही काय दाखवत होता, ते. बहुतेक वेळा तिथं तुम्ही स्वतःबद्दल बोलत असता.

लांब व्हिडिओला शोधातून लोक येतायत का, हेही तपासा. येत असतील तर आज व्ह्यूज कमी असले तरी घाबरू नका. शॉर्टचं आयुष्य बहुधा पहिल्या काही दिवसांत कळतं, लांब व्हिडिओला पुढचा हंगाम येईपर्यंत वेळ द्यावा लागतो.

तास कमी असतील तर

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करून हे करणारे बरेच आहेत. त्यांना रोज एक रील टाका म्हणून सांगणारा माणूस शिफ्ट करत नसावा. माझा हिशेब असा: महिन्याला दोन लांब व्हिडिओ आणि त्या शूटिंगमधूनच निघालेले सहा-आठ शॉर्ट्स. विषय नुसता "बघ" वर्गातला असेल, म्हणजे गोल, पाणीपातळी, जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल, तर लांब व्हिडिओचा अट्टाहास सोडा आणि मोकळेपणानं शॉर्ट्सच करा. विषय शिकवण्याचा असेल आणि महिन्याला एकच व्हिडिओ जमत असेल तर तो लांब करा, शॉर्ट नसले तरी चालेल.

दोन्हींसाठी दोन चॅनेल काढावेत का, असंही विचारतात. विषय एक असेल तर नको. गुळाचा शॉर्ट बघून आलेल्याला गुळाचाच लांब व्हिडिओ मिळाला पाहिजे. पण शॉर्ट्स विनोदाचे आणि लांब व्हिडिओ शेतीचे असतील तर वेगळी चॅनेलं काढा, कारण हसायला आलेले सबस्क्रायबर ऊसलागवडीच्या व्हिडिओवर टिचकी मारत नाहीत.